कप्तान, सासूबाई आणि एक कोळंबी

इमारतीतले सगळे त्याला कप्तान म्हणायचे, पण जहाजाचं सुकाणू त्यानं आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. तो इंजिनखोलीतला फिटर. सतरा वर्षं त्यानं जहाजांवर काढली ती सगळी पाण्याच्या पातळीखाली, पंप, झडपा आणि तेलाच्या नळ्यांच्या गराड्यात. कुणी समुद्राबद्दल विचारलं की म्हणायचा, "समुद्र माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त पाहिला असेल. मी नुसता ऐकलाय, तोही पत्र्याच्या पलीकडून."

त्रेचाळिसाव्या वर्षी इंजिनखोलीच्या लोखंडी जिन्यावर त्याला पहिली आकडी आली. आधी जळक्या तेलाचा वास आला. कुठे गळतंय का म्हणून त्यानं वळून पाहिलं, आणि पुढचं त्याला आठवत नाही. शुद्धीवर आला तेव्हा कपाळाला चार टाके पडले होते. दुसरी आकडी दोन महिन्यांनी, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. पुढच्या बंदराला त्याला उतरवलं. वैद्यकीय दाखला गेला की जहाज गेलं, तिथे दाद ना फिर्याद. त्याच्या जागी नऊ दिवसांत दुसरा फिटर चढल्याचं एका जुन्या सोबत्यानं कळवलं. इंजिन मधल्या काळात तासभरही थांबलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, शेगडीजवळ एकट्यानं जायचं नाही, न्हाणीघराची कडी लावायची नाही आणि घरात एकटं राहायचं नाही.

"मग करायचं काय?" कप्ताननं विचारलं.

"आराम करा," डॉक्टर म्हणाले.

घर चौथ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर, आणि एक खिडकी जिच्यातून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत. लिफ्ट होती, पण ती महिन्यातले वीस दिवस आजारी. बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. सकाळी सातला जायची ती संध्याकाळी पाचला यायची. तेवढ्या वेळात नवऱ्यापाशी कोण? म्हणून तिनं आपल्या आईला बोलावून घेतलं, दोन महिन्यांसाठी. सासूबाई एकट्याच राहायच्या, शहराबाहेर, स्वतःच्या बैठ्या घरात. मागे अंगण, अंगणात लिंबाची झाडं. दोन कपड्यांचे जोड आणि चष्म्याची डबी घेऊन त्या आल्या. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

न्हाणीघराची कडी बायकोनं स्वतः स्क्रू काढून उतरवली. शेगडीच्या बटणांवर झाकण आलं. मुख्य दाराला सुरुवातीला कुलूप नसे. पण पहिल्याच वर्षी एका सकाळी कप्तान कुणाला न सांगता खाली उतरला आणि न्हाव्याच्या दुकानासमोर कोसळला. न्हाव्यानं त्याला उचलून खुर्चीत बसवलं. शुद्धीवर आल्यावर समोरच्या आरशात त्याला स्वतःचं रक्ताळलेलं तोंड दिसलं आणि मागे अर्धवट दाढी झालेलं गिऱ्हाईक, हातात टॉवेल घेऊन उभं. त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लागलं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेच्या बटव्यात गेली. त्यांनी खुर्चीही दाराजवळ ओढून घेतली. भाजी निवडणं, पेपर वाचणं, डुलकी काढणं, सगळं तिथेच.

"आई, मी काय पळून जाणार आहे?" कप्तान विचारायचा.

"तुम्ही नाही जायचे जावईबापू. पण तुमच्या पायांचा भरवसा नाही."

औषधांनी डोकं जड व्हायचं, शब्द सापडायला वेळ लागायचा. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं होती. जहाजावर यापेक्षा लहान खोलीत तो आठ-आठ महिने राहिला होता आणि कधी गुदमरला नव्हता. तिथे काम होतं. इथे सकाळी नऊ वाजता दिवस संपलेला असायचा. सासूबाईंचं चहात चमचा ढवळणंसुद्धा त्याला सहन होईना. त्यांनाही त्याचं येरझाऱ्या घालणं सोसेना. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायला लागली होती.

आणि मग घरात खरोखरचं पाणी आलं.

बायकोच्या इस्पितळातले एक मोठे डॉक्टर बदलीवर निघाले. त्यांच्याकडे समुद्री माशांची तीनशे लिटरची काचेची टाकी होती, खाली कपाट, वर दिवे, आत सूक्ष्म जीव वसलेले जिवंत खडक आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे. इतकं धूड घ्यायला कुणी तयार होईना. बायको हो म्हणून बसली. चार माणसांनी ती टाकी जिन्यानं वर आणली तेव्हा कप्तान तोंड फिरवून खिडकीशी उभा राहिला. "जहाजावरून काढून टाकलं ते काय कमी होतं," तो म्हणाला, "म्हणून आता काचेतला समुद्र दाखवताय?"

सासूबाईंनी वाकून आत पाहिलं. "खायचे नाहीत?"

"नाही गं आई."

"मग ठेवायचे कशाला?"

दोन दिवस कप्ताननं टाकीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानांनी दगा दिला. पाणी फिरवणारा पंप घरघरत होता. साध्या माणसाला तो आवाज कळला नसता, पण कप्तानला अंथरुणात पडल्या पडल्या कळलं की पात्याच्या आसाला क्षार धरलाय. तासभर त्यानं सहन केलं. मग उठला, पंप बाहेर काढला, लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवला, घासला, बसवला. पंप गप्प झाला. एक मासा काचेशी येऊन त्याच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी दुपारी तो झोपला नाही.

टाकी त्यानं हातात घेतली ती इंजिनसारखी. वही केली, रोजचं तापमान आणि खारेपणा लिहायला लागला. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायचं यंत्र त्याच्याकडे होतं. आता तो नेमकं उलट करत होता, गाळलेल्या गोड्या पाण्यात मोजून मीठ विरघळवत होता. खारेपणा मोजायला टाकीवाल्या डॉक्टरांनी दिलेली एक बोटभर मोजनळी होती. काचेवर एक थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत निळा आणि पांढरा असे दोन भाग दिसतात. दोहोंच्या मधली रेघ ज्या आकड्यावर, तितकं पाणी खारं.

पण पहिला नवा मासा त्याच्या हातून मेला. मासेवाल्यानं, म्हणजे शोभेच्या समुद्री माशांच्या दुकानदारानं, तो पिशवीतून घरपोच दिला होता. जांभळ्या डोक्याचा, पिवळ्या शेपटीचा, अंगठ्याएवढा. कप्ताननं पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, पाणी कोमट झालं असं वाटल्यावर मासा आत सोडला. दुसऱ्या सकाळी तो खडकाला टेकून आडवा पडलेला होता.

मासेवाला फोनवर म्हणाला, "कप्तान, माझ्या दुकानातलं पाणी मी मुद्दाम कमी खारं ठेवतो, माशांच्या अंगावरचे किडे मरतात म्हणून. तुमचं पाणी समुद्राइतकं खारं. तापमान जुळलं, पण मीठ कुठे जुळलं? थेंबाथेंबानं द्यायचं असतं."

मेलेला मासा सासूबाईंनी कागदात गुंडाळला. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कप्तानला वाटलं.

त्यानंतर त्यानं ठिबकची रीत बसवली. नवा पाहुणा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत ओतायचा. टाकीतून बारीक नळी बादलीत सोडायची, नळीला सैल गाठ मारायची, सेकंदाला दोन थेंब पडतील इतकी. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं उपसून फेकायचं, पुन्हा दुप्पट होऊ द्यायचं. मग बादली आणि टाकी दोन्हीकडच्या पाण्याचा थेंब मोजनळीवर टाकून बघायचं. रेघा एका आकड्यावर आल्या तरच मासा हातजाळीनं उचलून आत. बादलीतलं पाणी टाकीत एक थेंबही नाही. प्रवाळांची तऱ्हा निराळी. त्यांना आधी औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं हलवत ठेवायचं, म्हणजे चिकटून आलेले किडे गळून पडतात. मग धुऊन टाकीत तळाशी, सावलीत ठेवायचं. वरच्या दिव्याखाली एकदम नेलं तर भाजून पांढरे पडतात.

हे सगळं तो मोठ्यानं बोलत करायचा, कारण औषधांमुळे मधलं पाऊल विसरायला व्हायचं. सासूबाई दाराजवळ भाजी निवडत बसलेल्या असायच्या. ऐकतायत असं त्यांनी कधी दाखवलं नाही.

ज्या सकाळची ही गोष्ट, त्या सकाळी दोघांचं वाजलं होतं. सासूबाईंच्या घराशेजारची बाई फोनवर सांगत होती की मागच्या खोलीचं छप्पर गळतंय, एकदा येऊन बघून जा. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "कशी येऊ? तुरुंगात शिपायालाही राहावंच लागतं की. कैदी सुटेल तेव्हा तो सुटेल."

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यात दार नव्हतं. कप्ताननं ऐकलं.

"जा ना तुम्ही," तो म्हणाला. "मी कुणाला धरून ठेवलेलं नाही."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"पडलो तर पडलो."

"तुम्हाला काय, तुम्ही पडून मोकळे व्हाल. माझ्या पोरीनं काय करायचं?"

त्यानं वर्तमानपत्र उचललं आणि एकाच पानाकडे बराच वेळ बघत बसला.

दहा वाजता मासेवाल्याचा माणूस खोका घेऊन आला. सासूबाईंनी कुलूप उघडलं, खोका घेतला, कुलूप लावलं. आत एक पिवळा मासा, तीन प्रवाळ आणि एक लाल पाठीची, पांढऱ्या पट्ट्याची, लांब मिशांची कोळंबी होती. ही जात माशांच्या अंगावरची घाण खाऊन त्यांना साफ करते.

"एकच?" सासूबाईंनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "एका कोळंबीचं काय होतं?"

"ही खायची नाही, आई. आणि हिला सगळ्यात हळू घ्यावं लागतं. मीठ जरा इकडंतिकडं झालं तरी जाते."

खोलीतले दिवे मंद केले. दोन बादल्या मांडल्या, एकीत मासा, एकीत कोळंबी. दोन नळ्या टाकीतून खाली आल्या आणि थेंब पडायला लागले. कप्तान स्टुलावर बसून मोजत होता. पाऊण तास गेला. माशाच्या बादलीतलं पाणी एकदा अर्धं उपसून झालं. प्रवाळ अजून पिशव्यांत तरंगत होते.

तेव्हा जळक्या तेलाचा वास आला.

तो वास फक्त त्यालाच येतो हे त्याला ठाऊक होतं. वास आल्यापासून अर्धं मिनिट मिळायचं. त्या वेळात जमिनीवर आडवं व्हायचं, असं डॉक्टरांनी शिकवलेलं. कप्ताननं नळ्यांकडे पाहिलं. कुणी बंद केल्या नाहीत तर बादल्या भरून वाहतील, मासा फरशीवर येईल, टाकीचं पाणी उतरत जाईल आणि पंप कोरडा फिरून जळेल. त्यानं नळीकडे हात नेला. बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटली.

"आई," तो म्हणाला. "बादली."

आणि स्टुलावरून खाली आला.

सासूबाईंचं वय सत्तरीच्या जवळ, पण त्या वेळी त्यांची हालचाल बघायला हवी होती. त्यांनी स्टूल लाथेनं बाजूला सारलं, गादीवरची उशी ओढून त्याच्या डोक्याखाली घातली, त्याला कुशीवर वळवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची, हा नियम होता. दोन मिनिटं वीस सेकंदांनी अंग सैल पडलं. त्यांनी तोंडाचा फेस पुसला, श्वास ऐकला. यापुढे तो दोन तास उठणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मग त्या बादल्यांकडे वळल्या.

कोळंबीची बादली दुप्पट झाली होती. सासूबाईंनी चष्मा लावला, पदर खोचला आणि वाटीनं अर्धं पाणी उपसलं. माशाची बादली भरू दिली. मोजनळी खिडकीकडे धरून रेघ पाहिली, आधी टाकीच्या पाण्याची, मग बादलीच्या. आकडे त्यांना दिसत नव्हते, इतके बारीक होते. पण रेघ कुठल्या उंचीवर आहे हे दिसत होतं. दोन्ही रेघा एका उंचीवर आल्या तेव्हा त्यांनी मासा सोडला. प्रवाळांना औषधाच्या पाण्यात घातलं, घड्याळ लावून दहा मिनिटं हलवलं. पाण्यात केसाएवढे किडे गळून पडलेले बघून त्या "ई" म्हणाल्या, धुतलं आणि तळाशी ठेवलं. कोळंबीला मात्र त्यांनी आणखी एक फेरी जास्त दिली. दर थोड्या वेळानं जाऊन जावयाच्या छातीवर हात ठेवून येत होत्या.

कप्तानला जाग आली तेव्हा गाल उशीवरून घसरून फरशीला लागलेला होता आणि जीभ चावली गेल्यानं तोंडात लोखंडाची चव होती. जमिनीच्या पातळीवरून त्याला दोन बादल्या दिसल्या, धुऊन पालथ्या घातलेल्या. फरशी कोरडी होती.

"झालं सगळं," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसून चहा पीत होत्या. "कोळंबी तेवढी दोनदा हातजाळीतून निसटली. भारी चपळ आहे."

तो उठून बसला. टाकीत पिवळा मासा खडकाच्या कडेनं फिरत होता. तीन प्रवाळ तळाशी, सावलीत, त्यानं ठेवले असते तसेच. काही चुकलं नव्हतं. त्याला कुठेतरी एखादी चूक सापडायला हवी होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्हीच म्हणालात, बादली."

"बंद करा म्हणालो होतो."

"नुसतं बादली म्हणालात, जावईबापू."

तो दिवाणावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. जहाजावर नऊ दिवसांत दुसरा फिटर चढला होता. इथे तेवढाही वेळ लागला नव्हता. त्याचं एवढं एकच काम होतं, आणि तेही तो फरशीवर पडलेला असताना सुरळीत पार पडलं होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी बायकोनं आईचं कौतुक केलं तेव्हा तो म्हणाला, "हो. फार छान," आणि जेवणावरून उठला.

दोन दिवस त्यानं तोंडाला कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, बायको कामावर गेल्यानंतर, त्याला टाकीच्या तळाशी कोळंबी दिसली. पाठीवर पडलेली, पाय वर, फिक्कट, पोकळ. प्रवाहाबरोबर हलत होती.

दोन दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "मारलीत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "सांगितलं होतं ना, सगळ्यात हळू. कळत नाही त्यात हात घालायचा नाही. मला जसं राखता तसं हिलाही राखलंत. या घरात तुमच्या हाताखाली काही जगतं का?"

सासूबाई खुर्चीतून उठल्या. चपला घातल्या. बटव्यातून किल्ली काढून कुलूप उघडलं, दार उघडलं आणि बाहेर गेल्या. किल्ली कुलपातच राहिली. पायऱ्यांवरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

दार उघडं होतं. कुलूप लागल्यापासून पहिल्यांदा दार उघडं होतं आणि खुर्चीत कुणी नव्हतं. कप्तान उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. किती वेळा त्यानं मनात हे चित्र रंगवलं होतं. आता समोर अठरा पायऱ्या, मग वळण, मग पुन्हा अठरा, असे चार मजले. तेलाचा वास येतोय का म्हणून त्यानं हवा हुंगली. नव्हता येत. तरी पाय पुढे पडेना. इतके दिवस कुलपाला शिव्या घालताना, कुलूप निघाल्यावर आपण उंबऱ्यावरच उभे राहू, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो मागे फिरला, निदान मेलेलं काढून टाकावं म्हणून. हातजाळी घालून कोळंबी उचलली. तिला वजनच नव्हतं. बोटांत धरली तर नुसतं टरफल, डोळ्यांच्या जागी पारदर्शक खोबणी, मिशांसकट रिकामं. तेवढ्यात खडकाच्या कपारीतून दोन पांढऱ्या मिशा बाहेर आल्या, आणि त्यांच्यामागे नव्या, ओल्या लाल पाठीची कोळंबी. तिनं कात टाकली होती. जित्याजागत्या, खात्यापित्या कोळंबीचं हे नेहमीचंच काम.

कप्ताननं टरफल सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

मग तो उंबऱ्याबाहेर बसला. उभ्यानं उतरायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. बसल्या बसल्या, एका पायरीवरून दुसरीवर घसरत, कठड्याचा गज धरून तो निघाला. लहान मूल उतरतं तसा. दुसऱ्या मजल्यावर पार्सल घेऊन येणारा एक माणूस थबकला.

"कप्तान, काही हरवलं का?"

"सासूबाई."

माणूस भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्याला वाट दिली.

त्या तळाशी, पत्रांच्या पेट्यांखालच्या पायरीवर बसलेल्या होत्या. रडत नव्हत्या. समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. कप्तान घसरत घसरत त्यांच्या वरच्या पायरीवर येऊन थांबला. त्याला दम लागलेला.

"जिवंत आहे," तो म्हणाला आणि टरफल पुढे केलं. "हे नुसतं वरचं. कात टाकली तिनं."

सासूबाईंनी चष्मा वर करून ते पाहिलं. "मग इतकं बोललात ते?"

"चुकलो."

"कोळंबीबद्दल चुकलात. माझ्याबद्दल?"

"दोन्हीबद्दल." मग म्हणाला, "तुम्ही सगळं बरोबर केलं होतंत. मला तेच झोंबलं."

रस्त्यावरून एक गाडी मागे घेत होती, तिचा टुकटुक आवाज येत राहिला.

"मी बसच्या थांब्यावर जाणार होते," सासूबाई म्हणाल्या. "इमारतीच्या दारापर्यंत आले आणि वाटलं, वर दार उघडं आहे. तुम्ही पडलात तर ऐकू तरी येईल म्हणून इथे बसले. बघा काय दशा. माझ्या घराची किल्ली माझ्याकडे, तुमच्या घराचीही एरवी माझ्याच बटव्यात, आणि मला कुठेच जाता येत नाही."

"जाऊन या तुम्ही," तो म्हणाला. या वेळी त्यात राग नव्हता. "छप्पर बघून या."

"आणि तुम्ही?"

"बघू काहीतरी."

वर चढताना त्याला त्यांचा हात धरावा लागला. बहात्तर पायऱ्यांना पाऊण तास लागला.

संध्याकाळी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती कधी ओरडत नसे. म्हणाली, "दिवसभर मी लोकांना सांगते, हलू नका, श्वास धरा. घरी आले की मलाच कुणीतरी तसं सांगितल्यासारखं होतं." मग तिनं रजेचा अर्ज लिहिला.

सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून गेल्या. छप्पर उघडल्यावर वासाही कुजलेला निघाला आणि चाराचे बारा दिवस झाले. बायकोची रजा पाच दिवसांत संपली. उरलेले सात दिवस ती त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जायची, एक किल्ली शेजारच्या घरी ठेवायची आणि दर तासाला फोन करायची. फोन वाजला की कप्तान "आहे" म्हणायचा आणि ठेवायचा. चौथ्या दिवशी त्यानं फोन उचलला नाही. अर्ध्या तासात बायको रिक्षानं आली, शेजारीण किल्ली घेऊन तिच्यामागे, दोघी धापा टाकत. कप्तान खांद्यापर्यंत दोन्ही हात टाकीत घालून एका प्रवाळाला वीतभर वर, जरा जास्त उजेडात, बसवत होता.

"हात ओले होते," तो म्हणाला.

बायको जमिनीवर बसली आणि तिथेच, शिसाचा जड एप्रन अंगात, हसायला लागली. मग हसण्याचं रडणं झालं. कप्तान ओल्या हातांनीच तिच्या शेजारी बसला. तो तिच्या एप्रनचे बंद सोडत राहिला.

बाराव्या दिवशी सासूबाई परत आल्या. न बोलावता.

"राहायचं होतं अजून," कप्तान म्हणाला.

"राहणारच होते. पण सकाळी उठले की खुर्ची दाराजवळच ओढायचे. दारात कुणी नाही, घरात कुणी नाही, आणि मी राखण करतेय." त्यांनी पिशवीतून लिंबं काढून टेबलावर ठेवली. "सवयच लागली मेली."

त्यानंतर फार काही बदललं नाही. आकड्या येतच राहिल्या, औषध बदललं तेव्हा थोड्या कमी झाल्या, मग पुन्हा तेवढ्याच. जहाजाचा दाखला परत मिळणार नाही हे डॉक्टरांनी एकदाचं स्पष्ट सांगितलं. सासूबाई आता महिन्याला चार दिवस घरी जातात. त्या चार दिवसांत कप्तान बाहेरून कुलूपबंद असतो आणि तासातासाला "आहे" म्हणतो. एरवी दुपारी सासूबाईंच्या हाताला धरून तो तिसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरतो. तिथल्या झरोक्यातून रस्ता दिसतो. दोघं थोडा वेळ उभी राहतात आणि परत येतात.

गेल्या महिन्यात मासेवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे लांबून आलेले मासे दुकानाच्या गडबडीत टिकत नव्हते. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी कुणीतरी पंधरा-वीस दिवस शांत जागी सांभाळून, हळूहळू खाऱ्या पाण्यावर आणून द्यायला हवे होते. एक वेगळी छोटी टाकी तो द्यायला तयार होता.

"पण कप्तान, सतत माणूस लागतं," तो म्हणाला. "एक दिवसही सोडून चालत नाही. तुम्ही घरी असता ना?"

कप्ताननं फोन कानापासून दूर धरला आणि सासूबाईंना विचारलं, "आपण घरी असतो का, असं विचारतोय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पाच तारखेपासून आठ तारखेपर्यंत मी नाही म्हणावं. बाकी आणू दे."

त्यानं तसं सांगितलं. टाकी ठेवायला जागा करायची म्हणून दोघांनी मिळून दिवाण दाराच्या बाजूला सरकवला. खिडकीपासून दारापर्यंत आता नऊच पावलं उरली.